धर्मगुरूला तोफांची सलामी का देतात? (आणि आमच्या कलशारोहणातला पहिला हार कोणाचा?)

वेंगुर्ल्याची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा विचित्र आहे आणि लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला. तालुका वेंगुर्ले, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भावकीतले निम्मे लोक इथे वाचतात. वैशाखात कलशारोहण आहे आणि त्याला मठाचे स्वामी येणार आहेत. चाकरमानी तेव्हा गावात असतात म्हणून तारीख तशी धरली. आता गेले तीन रविवार सभामंडपात एकच वाद चाललाय: स्वामींची गाडी कमानीपाशी थांबली की पहिला हार कोणी घालायचा? गावकर, म्हणजे देवळाचे पिढीजात मानकरी, म्हणतात, देवाचं गाऱ्हाणं (गावाच्या वतीने विनवणी) आम्ही घालतो, पहिला मान आमचा. सरपंच म्हणतात, कमानीपर्यंतचा रस्ता मी आणला. मुंबई मंडळाचे अध्यक्ष तोंडाने काही म्हणत नाहीत, फक्त पावती पुस्तक पुढे सरकवतात.

गेल्या रविवारी माझ्या दिराने मोबाईलवर एक जुना व्हिडिओ दाखवला. तो तेव्हा अबुधाबीत होता. फेब्रुवारी २०१९, पोप फ्रान्सिस तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या महालात येतात तो प्रसंग. दोन्ही बाजूंना घोडेस्वार, मधून एक छोटीशी किया गाडी, तोफांचे बार, आणि वरून विमानं पिवळा-पांढरा धूर सोडत जातात. व्हिडिओ संपला आणि आमचे थोरले काका म्हणाले, "त्यांच्या धर्मगुरूला तोफा, आणि आपल्या स्वामींना ताशा लावायचा तर वर्गणी!" झालं. हाराचा वाद राहिला बाजूला. कोणी म्हणालं दिल्लीतसुद्धा पोपना अशीच सलामी दिली होती, कोणी म्हणालं शक्यच नाही, आपलं सरकार कुठल्याच धर्माचं नाही.

तर मला खरंच समजून घ्यायचंय. धर्मगुरूला सरकारी सलामी कुठल्या नियमाने देतात? उद्या एखादे शंकराचार्य राष्ट्रपती भवनात गेले तर त्यांना मिळेल का? आणि अशा मोठ्या ठिकाणी पहिला कोण पुढे जातो हे कोण ठरवतं? तिथेही तीन रविवार जातात का?

आंबट_रत्नागिरीकर

ताई, तोफा कोणालाच नकोत. दारूगोळा फुकट घालवायचा आणि गुरूंनी साधेपणावर प्रवचन द्यायचं. तुमच्या स्वामींना विचारा, त्यांना हार तरी हवाय का? बहुतेक नको असेल. हवा आहे तो घालणाऱ्याला, फोटोसाठी.

हर्णैचा_खलाशी

ताई, थोडं सविस्तर लिहितो, कारण त्या लाल बजरीवर मी उभा राहिलेलो आहे.

नेव्हीत पंधरा वर्षं काढली. त्यातली १९९६ ते ९८ ही दोन दिल्लीत. समुद्र सोडून दिल्लीला बदली म्हणजे आम्ही शिक्षाच समजायचो. तिथे तिन्ही दलांच्या मानवंदनेच्या तुकडीत माझी उंची मोजून मला घेतलं. राष्ट्रपती भवनाच्या पुढच्या प्रांगणात परदेशी राष्ट्रप्रमुखांचं स्वागत होतं तेव्हा पांढऱ्या गणवेशात जी रांग दिसते, त्यात डावीकडून कितवा तरी मी असायचो. टीव्हीवर पंधरा मिनिटं दिसतं. त्याच्यामागे पहाटेपासूनच्या तालमी असतात. जानेवारीच्या धुक्यात पांढरा गणवेश म्हणजे काय ते विचारू नका. आमच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट अजून लक्षात आहे: गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ करायचे नाहीत, बुटाच्या आत अंगठे हलवत राहायचं. नाहीतर तासाभराने माणूस बंदुकीसकट तोंडावर पडतो. एक पडलेला बघितलाय. पाहुण्यांनी पाहिलं नसल्यासारखं केलं, आमच्या साहेबांनी नाही.

क्रम असा असतो. पाहुण्यांची गाडी फाटकातून आत येते तेव्हा राष्ट्रपतींचे अंगरक्षक घोड्यांवरून सोबत येतात. ही पलटण १७७३ सालची, वॉरन हेस्टिंग्जने उभी केलेली. सगळे घोडे तांबूस, फक्त तुतारीवाल्याचा पांढुरका. राष्ट्रपती आणि पंतप्रधान आधीपासून उभे असतात. पाहुणा उतरला की राष्ट्रपती पुढे. मग मंचावर सलामी, दोन्ही देशांची राष्ट्रगीतं, मागे तोफा, मग मानवंदनेची पाहणी, मग मंत्र्यांची ओळख. तिथून पाहुणे राजघाटावर जातात. कोण कुठे उभा राहणार, किती पावलं चालणार, हे सगळं आधी कागदावर असतं. जागेवर कोणी "पहिला मी" म्हणत नाही, कारण जागेवर ठरवायला काही शिल्लकच ठेवलेलं नसतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तोफा धर्मगुरूला नसतात. २१ तोफा राष्ट्रप्रमुखाला असतात. पोप हे दोन्ही आहेत, घोळ तिथे होतो. रोमच्या मधोमध व्हॅटिकन हे ४४ हेक्टरांचं स्वतंत्र राज्य आहे. ४४ हेक्टर म्हणजे ११० एकरांच्या आसपास, आपल्याकडचा एखादा बऱ्यापैकी सडा, म्हणजे कातळाचं पठार. ११ फेब्रुवारी १९२९ रोजी मुसोलिनीच्या सरकारने तह करून ते मान्य केलं. पण मला यातली खरी मजेची गोष्ट वेगळीच वाटते. १८७० मध्ये इटलीने पोपचं उरलंसुरलं राज्यही घेतलं. १९२९ पर्यंत, म्हणजे जवळपास साठ वर्षं, त्यांच्याकडे राज्य म्हणावं अशी जमीनच नव्हती. तरी इतर देशांचे वकील, म्हणजे राजदूत, त्यांच्याकडे येत होते, त्यांचे वकील इतरांकडे जात होते. म्हणजे देश मानत होते ते जमिनीला नाही, गादीला. 'होली सी' या नावाचा अर्थच मुळी पवित्र आसन. आपल्या भाषेत गादी. भारताचे राजनैतिक संबंध आहेत तेही या गादीशी, १९४८ पासून.

त्यामुळे दिल्लीबद्दल तुमच्याकडे जे म्हणाले ते बरोबर आहेत. जॉन पॉल दुसरे दोनदा आले. १ फेब्रुवारी १९८६ ला पालम विमानतळावर राष्ट्रपती झैलसिंग आणि पंतप्रधान राजीव गांधी हजर होते. पोपनी उतरल्यावर वाकून जमिनीचं चुंबन घेतलं होतं. दुसऱ्यांदा नोव्हेंबर १९९९, राष्ट्रपती नारायणन होते, स्वागत राष्ट्रपती भवनात. मी तेव्हा मुंबईत होतो, टीव्हीवर बघितलं. पोप ७९ वर्षांचे, पाठ वाकलेली, हात थरथरत होता. मी माझ्या बायकोला म्हटलं, बघ, हे लोक आत्ता बुटात अंगठे हलवतायत.

शंकराचार्यांना मिळेल का? नाही. मौलानांना नाही, लामांनाही नाही, आणि हे तुमच्या काकांना जरूर सांगा, पोपच्या खालोखाल असलेल्या ख्रिस्ती कार्डिनललाही नाही. मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले, ते काही राष्ट्रप्रमुख नव्हते. दलाई लामा १९५६ मध्ये बुद्धजयंतीच्या २५००व्या वर्षानिमित्त पाहुणे म्हणून आले, १९५९ मध्ये आश्रयाला आले. आदर आहेच, पण त्यांच्या सरकारला आपण मान्यता दिलेली नाही. सरकारची अग्रक्रमाची एक यादी असते. राष्ट्रपती पहिले, उपराष्ट्रपती दुसरे, पंतप्रधान तिसरे, अशी खाली उतरत जाते. त्यात कुठल्याच धर्माच्या गुरूसाठी ओळ नाही. मदर तेरेसांना यादीत जागा होती ती १९८० च्या भारतरत्नामुळे, ७ अ क्रमांकावर. नन म्हणून नव्हे.

मुसाफा_ते_दाभोळ

सलाम काकांना. ताई, तुमच्या दिराच्या व्हिडिओतल्या दिवशी मी अबुधाबीतच होतो, मुसाफ्यात, गॅरेजवर. महालातलं आम्हीही फोनवरच बघितलं. पण विमानांचा धूर खरा असाच, पिवळा आणि पांढरा, व्हॅटिकनच्या झेंड्याचे रंग. आमच्या खोलीत आम्ही दोघे दाभोळचे, एक वसईचा, एक मंगळूरचा. दुसऱ्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, झायेद स्पोर्ट्स सिटीत मोठी प्रार्थना होती. लाखाच्या वर माणूस. ज्यांच्याकडे तिकीट त्यांना सुट्टी, फुकट बस. वसईवाला रात्री दोनला उठून इस्त्री करत बसला. त्याचा डबा आम्ही भरला. अरबस्तानात पोप येण्याची ती पहिलीच वेळ होती. आदल्या दिवशी पोप आणि कैरोच्या अल-अझहर मशिदीचे मोठे इमाम अहमद अल-तय्यब यांनी एकत्र कागदावर सह्या केल्या होत्या. आमचा फोरमन म्हणाला, सही कोणी पहिली केली? म्हणजे बघा, हा प्रश्न सगळीकडे असतोच.

आंबट भाऊंना एवढंच सांगतो, गाडी पाहुण्याने निवडली होती, घोडे यजमानाने. छोट्या गाडीतून आला म्हणून यजमान काय दारात कंदील लावणार? आमच्याकडेही पाहुणा "काही नको" म्हणतो, तरी आई सांदणं करतेच.

शिरोड्याची_लुसी

खलाशी काकानू, तुमी १९८६ चा बरा आठवण करून दिलास. मी तेवा दुसरीत होतंय. पाप सायब गोंयात येतले म्हणान आमच्या वाड्यार पंधरा दिवस आदी गडबड. ६ फेब्रुवारी, कांपाल मैदान. आमी रात्री टेंपोत बसलाव, मोठी माणसा उभी, पोरा-टोरा पिशयांर. बांदा, पत्रादेवी, म्हापसा, आणि मगे मांडवीचो पूल. त्याच वर्साच्या जुलयात तो पूल कोसळलो. आवस अजून सांगता, आमी तेच्यावरसून गेलाव म्हणान.

माका दिसला काय? खरा सांगू, पाठी. सगळ्यांचे पाठी. मगे बापाशीन माका खांद्यार घेतल्यान. लांब एक पांढरो ठिपको. त्या ठिपक्यान हात हालवल्यान आणि माझ्या बापाशीच्या डोळ्यांत पाणी. तेका मी आदी कदी रडताना बघूक नव्हता. तोफा बिफा काय आठवत नाय. बापाशीच्या केसांक खोबरेल तेलाचो वास आठवता.

आणि गे बाय, हार कोणीय घाला. आमच्या इगर्जीत बिशप येता तेवा पयलो गुच्छ दरवर्सा वाड्यातला सगळ्यात धाकटा पोर देता. मोठ्यांका भांडूक कायच गावना नाय.

क्लॅरिनेट_वसई

लुसीताई, धाकट्या मुलाची युक्ती आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे मग कोणाचं मूल यावर होतं.

मी बँडमध्ये वाजवतो म्हणून काकांच्या 'दोन्ही राष्ट्रगीतं'वर थोडं. व्हॅटिकनचं राष्ट्रगीत म्हणजे शार्ल गुनो या फ्रेंच संगीतकाराने १८६९ मध्ये रचलेली कूच. १९५० पासून तीच अधिकृत आहे. एका पाद्र्यांनी वही दिली तेव्हा आम्ही बसवून बघितली. सुरुवात मोठी थाटाची, मग एकदम संथ, ओळंब्याने भिंत मोजल्यासारखी. पाहुण्याने सावकाश चालावं अशीच आहे. आपल्या 'जन गण मन'ला ५२ सेकंद, त्यामुळे सैनिकी बँडचा ठेका पक्का असतो. आमच्या बँडला एकदा बिशपांच्या स्वागतात घाईघाईत लग्नाच्या वरातीची चाल सुरू झाली होती, ढोलवाल्याच्या चुकीने. बिशप हसले. ढोलवाला अजून ऐकून घेतोय.

आमचे आजोबा डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला ओव्हल मैदानावर गेले होते. पोप सहावे पॉल आले होते तेव्हा. जाताना पोपनी आपली पांढरी लिंकन गाडी मदर तेरेसांना दिली. त्यांनी ती स्वतःकडे न ठेवता सोडतीला लावली आणि पैसे कुष्ठरोग्यांच्या कामाला घेतले. आजोबा ही गोष्ट सांगताना नेहमी शेवटी म्हणायचे, "सोडतीचं तिकीट मला कोणी विकलंच नाही."

वेंगुर्ल्याची_सून

सगळ्यांचे आभार. लुसीताई, तुमचा पांढरा ठिपका मी सासूबाईंना वाचून दाखवला, त्या गप्पच झाल्या.

खलाशी काका, तुमचं उत्तर मी छापून थोरल्या काकांना दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मग आमच्या स्वामींनाही गादी आहे. ती तर शेकडो वर्षांची." याला काय सांगू? आणि एक राहिलंच, भेटीत वाकायचं कोणी? राष्ट्रपतींनी की गुरूंनी?

हर्णैचा_खलाशी

काका हुशार आहेत, त्यांना माझा नमस्कार सांगा.

गादी आहेच. पण त्या गादीला मान देणारा वेगळा आहे. आपल्याकडे स्वामी येतात तेव्हा वेशीवर पूर्णकुंभ असतो, पाद्यपूजा होते, घरोघरी भिक्षा असते. ही सलामीच झाली, फक्त ती शिष्यवर्गाने दिलेली. सरकारने तोफा डागल्या तर उद्या सरकार ठरवेल कोणाच्या गादीला किती. इंग्रजांनी संस्थानिकांचं नेमकं हेच केलं. बडोद्याला २१, कोल्हापूरला १९, जंजिऱ्याच्या नबाबाला ११, तुमच्या शेजारच्या सावंतवाडीकरांना ९. तोफ वाढवून घ्यायला राजेलोक अर्ज करायचे, खर्च करायचे, कोणाची तोफ का वाढली म्हणून झुरायचे. तुमच्या सभामंडपातले तीन रविवार त्यापुढे काहीच नाहीत. मला विचाराल तर सरकारच्या अग्रक्रमाच्या यादीत गुरूंना ओळ नाही हा त्यांचा अपमान नाही. त्यांची सुटका आहे.

वाकण्याचं म्हणाल तर मानवंदनेच्या मंचावर कोणीच वाकत नाही. तिथे दोन राज्यं भेटतात, सरळ उभी राहून. तेच राष्ट्रपती उद्या मठात किंवा देवळात गेले तर वाकतील, चपला बाहेर काढतील, तो त्यांचा खाजगी भाव. मंच आणि गाभारा यांच्यामध्ये उंबरठा आहे, तो सांभाळला की भांडण होत नाही.

तुमच्या हाराला हाच उंबरठा लावून बघा. कमान ही गावाची जागा आहे, देवाची नाही. तिथे सरपंचांनी उभं राहावं, पण रिकाम्या हाताने, यजमान म्हणून, फक्त "या" म्हणायला. देवळाच्या पायरीवर मान देवस्कीचा, तिथे गावकरांनी हार घालावा आणि गाऱ्हाणं घालावं. मुंबईकरांना सभामंडपातला सत्कार द्या, शाल-श्रीफळ, माईकसकट. माईक मिळाला की ते हार विसरतात, अनुभवाने सांगतो. आणि हे सगळं आजच कागदावर लिहा, तिघांच्या सह्या घ्या, झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावा.

आंबट_रत्नागिरीकर

काका, माईकची सूचना सोडून बाकी मान्य. मुंबईकरांना माईक दिला तर कलशारोहणाचा मुहूर्त टळेल.

वेंगुर्ल्याची_सून

काल बैठक झाली. कागद झाला! सरपंच कमानीवर, गावकर पायरीवर, मुंबई मंडळ सभामंडपात. माईक दहा मिनिटं, आंबट दादांच्या सांगण्यावरून घड्याळ माझ्या सासऱ्यांच्या हातात. पूर्णकुंभ घ्यायला पाच सुवासिनी, त्यात मी. मुसाफा भाऊ, तुमच्या आईच्या सांदणांची आठवण काढून आमच्याकडे प्रसादाला खीर ठरली, सांदणं एवढ्या माणसांना जमणार नाहीत.

फक्त सह्या करताना फोरमनचा प्रश्न निघालाच. पहिली सही कोणाची? शेवटी कागद गोल फिरवून तिघांनी तीन कोपऱ्यांत केल्या.

आता नवीन वाद. थोरल्या काकांनी पायरीवर २१ गर्नाळ (दारूचे मोठे बार) लावायचं काढलंय. म्हणतात सरकार देत नसेल तर आम्ही देऊ. शेजारच्या आंब्याच्या बागेवाल्याने हरकत घेतलीय, मोहोर संपला असला तरी आता झाडाला फळ आहे. कमी करायला सांगितलं तर म्हणतात, आकड्याला शास्त्र हवं.

हर्णैचा_खलाशी

नऊ लावा. सावंतवाडीकरांना नऊच होत्या, म्हणावं, त्यांच्याहून जास्त बरं दिसत नाही. आणि बागेच्या विरुद्ध बाजूला तोंड करून.